एका नावाच्या दोन जागा

“तोंड उघड,” आई म्हणाली.

“उघडत नाही जा.”

“उघड म्हणते न्हवं! बघू दे किती वाढलाय.”

“आई, दात वाढत नाही गं! अठ्ठावीस वर्षांच्या घोड्याचा दात कशाला वाढेल? हिरडी खाली सरकलीय, म्हणून तो लांब दिसतोय. किती वेळा सांगायचं?”

“मग हिरडी वर ओढ की.”

आता यावर माणसानं काय बोलावं? सकाळचे सात वाजलेले, मी मोरीत तांब्या घेऊन उभा, आणि समोर आई. तिच्या एका हातात मीठ-तेलाची वाटी आणि दुसऱ्या हाताचा तो पिवळा अंगठा. सांगलीच्या हळद पेठेत ती हळकुंडं निवडायला जायची. माझं जेवढं वय, तेवढीच तिची पेठेतली वर्षं. हळद तिच्या नखांत जाऊन बसली होती, साबणानं जात नव्हती आणि लिंबानंही जात नव्हती. तो अंगठा माझ्या हिरडीवरून फिरला की सगळे रोग पळतात, असा तिचा ठाम समज. मीठ-तेल झालं की तुरटीची चूळ, चूळ झाली की राखुंडी, राखुंडीनंतर बाभळीच्या सालीचा काढा. आणि वरून, “जोरात घास! हळू घासून घाण निघती व्हय?”

मी हे सगळं दीड वर्ष निमूटपणे केलं. त्या दीड वर्षात खालच्या पुढच्या दाताचं मूळ हळूहळू पार उघडं पडलं.

दुसऱ्या कुणाचं यात फारसं बिघडलं नसतं. माझं पोट त्या दातावर होतं. मिरजेच्या न्यू दिलबहार ब्रास बँडमध्ये मी पहिला ट्रम्पेट वाजवायचो. ट्रम्पेट ओठावर टेकतो, ओठ दातावर टेकतो, आणि सूर वर चढायला लागला की सगळा भार नेमका त्याच जागी येतो. दात उघडा पडल्यापासून नुसत्या गार वाऱ्यानंही डोक्यापर्यंत कळ जायची. वैशाखात जयसिंगपूरला एका वरातीत मी वरचा सूर धरला आणि अशी कळ आली की सूर मधेच फाटला. घोडं बिचकलं. नवरदेव पडता पडता वाचला आणि त्याच्या मामानं माझ्या आईपासून सगळ्यांचा उद्धार केला.

बँडचे मालक इलाहीमास्तर. माझे वडील त्यांच्याकडे क्लॅरिनेट वाजवायचे. मी सहावीत असताना वडील गेले, तेव्हा माझ्या हातात ट्रम्पेट दिला तो याच माणसानं. मास्तरांनी वरात तशीच रेटत संपवली. मग टेम्पोत बसल्यावर कोटाची बटणं काढत म्हणाले, “निवास, बेटा, आषाढीला लग्नं बंद होत्यात. तिथनं गणपतीपर्यंत पन्नास दिवस हायत. तेवढ्यात दात नीट करून ये.”

“आणि नाही झाला तर?”

“तर पहिला ट्रम्पेट शौकत वाजवंल. तू खुळखुळा घे.”

खुळखुळा! अकरा वर्षं पहिल्या रांगेत मधोमध चाललेला माणूस मी. आता शेवटच्या रांगेत खुळखुळा हलवत चालायचं, तेही गणपतीत, सगळ्या मिरजेसमोर! ती रात्र मी भिंतीकडे तोंड करून काढली. सकाळी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “मग खुळखुळा काय वाईट हाय? तोंडाला तरास न्हाई.”

मी डोक्याला हात लावला.

शेवटी सांगलीच्या डॉक्टर ऋता आठल्ये यांच्याकडे गेलो. या नुसत्या हिरड्यांच्याच डॉक्टर. हिरड्यांचा वेगळा डॉक्टर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बाई शिस्तीच्या, बोलायला चटचटीत. आरसा तोंडात घातला, बघितलं आणि म्हणाल्या, “दात घासता की भांडी?”

मी मीठ-तेलापासून सुरुवात केली. त्या लिहून घेत होत्या. बाभळीच्या सालीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हे सगळं आजपासून बंद. घासून घासून हिरडी संपवलीत तुम्ही. ती आता आपोआप वर येणार नाही. नवी कातडी लावावी लागेल.”

“कातडी? कुठली?”

त्यांनी हातमोजा घातलेलं बोट माझ्या तोंडात घालून वरच्या छताला टेकवलं. “इथली. टाळूची. नखाएवढा तुकडा काढायचा आणि हिरडीला शिवायचा.” मग तिथं एक बारीक सुई टोचून जाडी बघितली. “हं. जरा पातळ वाटतेय. बघू.”

“आणि ट्रम्पेट?”

“तुकडा नीट धरला तर सहा आठवड्यांनी फुंका. पण तो हलला, सुटला, तर गेलं. मग सगळं पहिल्यापासून.”

एकादशीनंतरचा पहिला गुरुवार ठरला. मी बोटांवर हिशेब केला. सहा आठवडे विश्रांती, वर एक आठवडा रियाझ, की गणपती. एकही दिवस जास्तीचा नव्हता. पहिल्या फटक्यात जमलं तर ट्रम्पेट, नाहीतर खुळखुळा.

घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती.

“काय म्हणाल्या बाई?”

“ऑपरेशन.”

“अगं बाई! कशाचं?”

“हिरडीचं. टाळूची कातडी काढून हिरडीला शिवणार.”

तिचा हात परातीतच थांबला. “टाळूची?”

“हो. टाळूची.”

“अरं, ती लई नाजूक जागा असती. तान्ह्या लेकराला तिथं बोट लावू देत न्हाईत कुणाला.”

“तुला काय कळतंय त्यातलं? गप भाकरी थाप.”

तव्यावरची भाकरी करपली, आणि ती करपल्याबद्दलही मीच चिडलो.

आई माझ्यापुढे गप्प झाली, पण गल्लीपुढे नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माझ्या ऑपरेशनची तारीख पाठ होती. शेजारच्या गोदूमावशी बिस्किटाचा पुडा घेऊन आल्या आणि माझ्या समोर बसून आईला विचारायला लागल्या, मी जसा काही तिथं नव्हतोच.

“कशाचं ऑपरेशन म्हणायचं अक्काताई?”

“हिरडीचं.”

“हिरडीचं बी असतंय व्हय?”

“असतंय की. सांगलीला.”

“आणि भूल पूर्ण देणार?”

“मावशी,” मी म्हणालो, “अजून झालेलं नाही. झाल्यावर या.”

“झाल्यावर येतेच रे बाबा. हा आधीचा पुडा.”

सोमवारी मी बँडच्या खोलीवर गेलो होतो, फोन घरी चार्जिंगला राहिला. परत आलो तर आई उंबऱ्यात बसली होती, फोन दोन्ही हातांत धरून.

“बाईंचा फोन आलता. गुरुवारी अकराला ये म्हणाल्या. पोटभर जेवून.”

“आणखी काय म्हणाल्या?”

“आणखी काय न्हाई.”

तिचा चेहरा काही ‘आणखी काय न्हाई’वाला नव्हता. पण मी विचारलं नाही. तिला एक विचारायचं आणि तिनं सात सांगायचे, तेवढी माझ्यात ताकद नव्हती. आणि तासाभरानं बघतो तर ही तेलाची वाटी घेऊन माझ्या मागं उभी.

“मान खाली घाल.”

“कशाला?”

“टाळू भरते.”

“आई, ऑपरेशन तोंडाचं आहे! तेल डोक्याला कशाला?”

“भरू दे म्हणते न्हवं. तीन दिवस तर तीन दिवस. तेवढीच जाड हुईल.”

काय जाड होणार, कुणाची होणार, काही विचारायच्या भरीला न पडता मी मान खाली घातली. तिनं पसाभर तेल माझ्या डोक्याच्या मधोमध ओतलं आणि थापायला लागली. तेल कानांत गेलं, मानेवरून खाली उतरलं, नव्या बनियनची वाट लागली. मंगळवारी पुन्हा तेच. मी ओरडलो, वाटी हातातून काढून घेतली, तर तिनं दुसरी भरून आणली.

आईच्या केसांचं इथं सांगायला हवं. तिला आयुष्यात दुसरी हौस नव्हती. साडी कसली का असेना, पण केस शनिवारी शिकेकाईनं धुणार, कमरेपर्यंत मोकळे सोडून वाळवणार, आणि रोज संध्याकाळी अबोलीची वेणी माळणार. वडील गेल्यावर माझ्या आत्यानं तिला चारचौघींत टोकलं होतं, “आता कशाला केसांचे लाड?” तेव्हा आई म्हणाली होती, “नवरा गेला माझा, डोकं न्हाई गेलं.” आत्या त्यानंतर वर्षभर आमच्याकडे आली नाही. आईनं अबोली सोडली नाही.

तर बुधवारी ही बाई डोक्यावर पदर घेऊन घरात वावरायला लागली. जिनं सासऱ्यासमोरसुद्धा कधी पदर घेतला नव्हता, ती स्वयंपाक करताना पदर, जेवताना पदर, केर काढताना तर पदराचं टोक दातांत धरून.

“हे काय नवीन?”

“वारं सुटलंय.”

“घरात?”

“घरात बी सुटतंय.”

संध्याकाळी अबोलीवाली दारावरून हाक मारून गेली. आईनं आतूनच “आज नको” म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बरं नाही की काय हिला? कपाळाला हात लावून ताप बघायला गेलो तर ती दोन पावलं मागं सरली आणि वस्सकन अंगावर आली, “लांब हो! केसांना हात लावू नकोस.” मी म्हटलं, बरं बाई, तुझं तू बघ.

गुरुवारी तिला घरी ठेवायचा माझा बेत होता. “दात दाखवायला आईला घेऊन जायला मी काय बालवाडीत आहे?” असं मी म्हणालो. तिनं पेठेत रजा सांगितली होती, पिशवी भरली होती, चपला घातल्या होत्या. एसटीत खिडकीची जागा मिळाली, आषाढातला वारा भणाणत होता आणि ही दोन्ही हातांनी पदर डोक्यावर दाबून धरून बसली होती. मी म्हटलं, खिडकी लावतो. खिडकी लागत नव्हती. मग मी तिच्यावर चिडलो, खिडकीवर चिडलो, कंडक्टरवर चिडलो. खरं तर मला भीती वाटत होती, पण ते कबूल कोण करणार?

दवाखान्यात मला खुर्चीवर आडवं केलं, गळ्याला कागदी टॉवेल बांधला. डॉक्टरीणबाई मोजे चढवत होत्या, त्यांची मदतनीस सुया मांडत होती. आणि आई दार ढकलून आत आली.

“मावशी, तुम्ही बाहेर बसा हं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“बाहेर बसून कसं चालंल? मी लागणार न्हाई का?”

“नाही, तुम्ही लागणार नाही.”

“लागंल की ओ.”

“आई, जा ना बाहेर!” मी खुर्चीतूनच ओरडलो. “इथं तरी माझी लाज ठेव!”

“तू गप रे. बाई, आधी माझं उरकून घ्या. याची पातळ हाय, तुम्हीच म्हणाला न्हवं फोनवर? पुरली न्हाई तर दुसऱ्या माणसाची लावू म्हणाला. परक्याची कशाला? मी काय मेले न्हाई अजून.”

असं म्हणून तिनं डोक्यावरचा पदर काढला.

डोक्याच्या बरोबर मधोमध, वाटीएवढी जागा गुळगुळीत केलेली होती. भोवती ते सगळे लांब केस अंबाड्यात बांधलेले, आणि मधेच ती उघडी, फिकट जागा. एका कडेला वस्तरा लागल्याची बारीक लाल रेघ होती.

मदतनीस मुलीला हसू फुटलं, तिनं तोंडावर हात दाबला. माझं डोकं सणकलं. खुर्चीवरून उठून बसलो, गळ्यातला टॉवेल फाटला.

“येडी झालीस का तू? काय केलंस हे? कुणी सांगितलं होतं तुला? कुणी सांगितलं?”

“तूच की,” आई म्हणाली. “टाळूची कातडी म्हणालास.”

परातीसमोर बसलेल्या आईला मी तोंडात बोट घालून दाखवलं असतं, तर काय बिघडलं असतं? दोन सेकंदांचं काम होतं ते. त्याऐवजी मी ‘गप भाकरी थाप’ म्हणालो होतो.

डॉक्टरीणबाईंनी मोजे काढले. आईसमोर उभ्या राहून स्वतःचं तोंड उघडलं, बोट आत वर टेकवलं आणि म्हणाल्या, “मावशी, ही टाळू. तोंडातली. इथली कातडी घ्यायचीय.”

आईनं वाकून त्यांच्या तोंडात बघितलं. मग स्वतःची जीभ आत वर लावून बघितली.

“ही बी टाळूच?”

“ही पण टाळूच.”

“आणि ही?” तिनं डोक्यावर बोट ठेवलं.

“तीही टाळूच.”

आता आई भडकली. इतका वेळ मी भडकलेलो, आता तिची पाळी. “मग एका नावाच्या दोन जागा कशाला ठेवल्या ओ? माणसानं समजायचं काय? एवढं शिकता तुम्ही लोक, एक नाव जास्तीचं सुचंना व्हय कुणाला?”

“चुकलं मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आणि हे केलं कुणी?” मी विचारलं.

“त्या रंगा न्हाव्यानं. बाईमाणसाचं डोकं करत न्हाई म्हणत हुता. मग जोतिबाचा नवस हाय म्हणून सांगितलं, तवा तयार झाला.”

“खोटं बोललीस?”

“देईन एक नारळ जोतिबाला. तो तुझ्यासारखा चिडका न्हाई.”

मग ती स्टुलावर बसली आणि पदर पुन्हा डोक्यावर घ्यायला लागली. तो घेता घेता माझ्याकडे न बघता, बाईंकडे बघून बोलायला लागली. आवाज एकदम खाली आला होता.

“बाई, तुम्ही फोनवर म्हणाला, टाळू पातळ हाय. माझ्या काळजात चर्र झालं बघा. हा चाळीस दिवसांचा हुता, तवाच मी पेठेत कामाला लागले. लेकराची टाळू दोन वेळा भराय पाहिजे. मला रातचीच जमायची, ती बी अशा हळदीच्या हातानं, डोळ्यांवर झोप घेऊन. कधी कधी तशीच राहायची. सासू म्हणायची, याची टाळू नीट भरंना बघ. ते मनात राहिलं हुतं. म्हटलं, माझ्या हातनं राहिली म्हणूनच पातळ हाय. मग भरून द्यायची तर मीच द्यायची न्हवं?”

मला बोलायचं होतं. जन्मभर आईला काहीबाही ओरडत आलो, आणि पहिल्यांदा काहीतरी धड बोलायचं होतं. पण शब्द जुळायच्या आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चला, उशीर होतोय. तोंड उघडा.”

सुई टोचली. अर्धं तोंड बधिर झालं. आता मी बोलूच शकत नव्हतो.

बाईंनी आईला बाहेर काढलं नाही. दवाखान्याचा नियम काय असेल तो असो, त्यांनी तिला निळी टोपी दिली, तोंडाला मास्क दिला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. टोपी डोक्यावर गच्च बसली तेव्हा आईनं पहिल्यांदा दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले. पण गप्प बसेल तर ती आई कसली?

“बाई, थोडी हळद भरा की जखमेत.”

“मावशी!”

“बरं, न्हाई बोलत.”

दोन मिनिटांनी पुन्हा, “पुरली का ओ?”

“काढतेय, मावशी.”

“पुरंल न्हवं?”

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात तो तुकडा धरला. त्यांनी तो दिव्याखाली इकडून तिकडून बघितला. मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. मग त्या आईकडे वळल्या.

“पुरली. उलट थोडी उरेल. मी उगाच पातळ म्हणाले.” थोडं थांबून म्हणाल्या, “चांगली भरली होतीत तुम्ही, मावशी.”

डोक्यावरची टाळू आणि तोंडातली टाळू यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आता आईलाही माहीत झालं होतं. तरी आईनं मास्कच्या आत एवढा मोठा श्वास सोडला की मास्क फुगला.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. गणपतीचं आधीच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. तुकडा बसला. टाके निघाले, हिरडी दाताला धरून वर आली, सहा आठवड्यांनी बाईंनी फुंकायची परवानगी दिली. विसर्जनाला लक्ष्मी मार्केटच्या चौकात मी तोच वरचा सूर धरला, आणि इलाहीमास्तर मागं वळून न बघता नुसते मान हलवून पुढं चालले. शौकतनं पुढच्या वर्षी स्वतःचा बँड काढला. मी अजून पहिल्या रांगेत आहे. आईचे केस परत आले, पण त्या वाटीएवढ्या जागेत पांढरेच आले. रंगा न्हावी दर वेळी मला विचारायचा, “अक्काताईंचा नवस फळला का रं?” आणि मी दर वेळी “फळला” म्हणायचो.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारच्या संध्याकाळचं.

घरी आलो. हिरडीवर रंगारी भेगांत भरतात तसल्या लांबीसारखं गुलाबी काहीतरी लिंपलेलं, टाळूला टाके, ओठ सुजलेला. तीन दिवस बोलायचं नाही, ओठ ओढून बघायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, असा हुकूम. गोदूमावशी दुसरा पुडा घेऊन आल्या तर आईनं त्यांना दारातच अडवलं. “तोंड उघडायचं न्हाई त्यानं. बघायचं असंल तर सहा आठवड्यांनी या.”

“पण तू आज डोक्यावर पदर कशाला घेतलाय म्हणायचं?”

“नवस हाय,” आई म्हणाली आणि दार लावलं.

मला तिनं गार केलेलं दूध-साबुदाणा भरवलं. मी चमचा हातात मागितला तर दिला नाही. नेहमीची चीड आली, ओरडायला तोंड उघडलं, आणि टाका ताणला गेला. तसाच गिळला तो राग. आयुष्यात पहिल्यांदा मी आईसमोर सलग तीन तास गप्प होतो, आणि ती सलग तीन तास बोलत होती. पेठेतलं, रंगाचं, बाईंच्या टोपीचं, आणि ‘एका नावाच्या दोन जागा’ हे तर चार वेळा.

मग ती भांडी घासायला उठली. पदर खांद्यावर घसरला, तिच्या लक्षात आलं नाही. ती वस्तऱ्याची रेघ अजून लालच होती.

मी फळीवरून तेलाची वाटी घेतली. तिच्या खांद्याला धरून तिला पाटावर बसवलं.

“काय करालायस? अरं, भांडी राहिल्यात.”

मला बोलता येत नव्हतं. मी तिची मान खाली केली. वाटी तिच्या डोक्यावर धरली आणि थोडं थोडं तेल त्या उघड्या जागेवर सोडत गेलो. तळहातानं हळू थापलं. तान्ह्या लेकराची भरतात तशी टाळू भरायची कशी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सोमवारी आणि मंगळवारी माझ्या डोक्यावर झालं होतं तेवढंच ठाऊक.

आईनं मान आणखी खाली घातली. मग पदर डोळ्यांना लावून माझ्यावर खेकसली.

“पुरं की मेल्या आता. डोळ्यांत जायलंय.”

तेल अजून कपाळापर्यंतसुद्धा आलं नव्हतं.